ताईची सातव्या मजल्यावरची खोली

टॅक्सीवाला त्या हॉटेलवरून दोनदा पुढे गेला, कारण हॉटेलला पाटीच नव्हती. शिकागोच्या भर वस्तीत, काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध एक जुनी लाल विटांची इमारत, काळं लाकडी दार आणि दाराशेजारी पितळेत कोरलेला नुसता घरक्रमांक. मला वाटलं, हा चुकून आपल्याला कुणाच्या तरी खासगी घरी घेऊन आला. तिसऱ्या खेपेला ताईनेच मधल्या काचेवर टकटक करून टॅक्सी थांबवली.

"हेच," ती म्हणाली. "दार बदललंय फक्त."

मी बॅगांच्या नादात होते. ते वाक्य कानावरून गेलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वसुधा. १९७० साली ती नागपुरातून डॉक्टर होऊन एकटी अमेरिकेला आली. भूलतज्ज्ञ झाली, माधवरावांशी लग्न केलं, आणि पुढची सगळी वर्षं टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहिली. दोन वर्षांपूर्वी माधवराव गेले. मुलगा नील कॅलिफोर्नियात. एवढ्या मोठ्या घरात ताई एकटी. इकडे नागपुरात माझे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली आहेत आणि मीही एकटीच. तेव्हा धाकट्या भावाने, शशीने, आणि मी ठरवलं, ताईला परत आणायचं. शशीने आपल्या घराचा वरचा मजला रंगवून घेतला, त्याच्या बायकोने नवे पडदे लावले, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. ताईला घेऊनच यायचं, असं सांगून.

शुगर लँडचा तो महिना उकाड्यात गेला. बाहेर पाऊल टाकलं की ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळल्यासारखं व्हायचं, आणि दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागायची. मी विषय काढला की ताई भांडी विसळायला उठायची. शेवटी एकदा म्हणाली, "आधी आपण शिकागोला जाऊन येऊ. मग बोलू."

नीलने फोनवर विचारलं, "मॉम, डाउनटाउनमधलं बुटीक हॉटेल? आर यू शुअर?" कारण ताई आणि माधवराव जन्मभर राइस कुकर बरोबर घेऊन मोटेलात राहिलेले. मला तर बुटीक म्हटलं की धरमपेठेतलं ब्लाउज शिवणारं दुकानच आठवतं. पण ताईने तेच हॉटेल पाहिजे म्हणून हट्ट धरला आणि तीन रात्रींचं बुकिंग करून घेतलं.

पाटी नसलेलं हॉटेल

आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसेच ना. अमेरिकेत दिवसाढवळ्याही दिवे लावतात असं मी महिनाभर पाहत होते. इथे उलट होतं. जांभळ्या मखमलीचे कोच, काळ्या भिंती, एका कोपऱ्यात माणसाएवढी पांढरी पिसांची समई असावी तसा दिवा. काउंटरमागे सगळे काळ्या कपड्यांत. मी ताईला हळूच विचारलं, "कुणी गेलं का गं यांचं?" ती इतकी हसली की काउंटरवरच्या बाईही हसल्या. त्यांचं नाव अँजेला. चाळिशीच्या असाव्यात, व्यवस्थापक होत्या.

चेक-इन करता करता ताईने विचारलं, "मागचा जिना अजून आहे का? चौथ्या मजल्यावर त्याची एक पायरी तुटकी होती."

अँजेलाबाईंनी मान वर केली. "तो आता फक्त आमच्या स्टाफसाठी आहे. तुम्हाला कसा माहीत?"

"मी इथे राहायची," ताई म्हणाली. "हे हॉटेल नव्हतं तेव्हा. नोकरी करणाऱ्या एकट्या मुलींचं होस्टेल होतं. सातवा मजला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. शिकागोला तिने पहिली तीन वर्षं काढली हे मला माहीत होतं. पण ती राहायची कुठे, जेवायची काय, संध्याकाळी कुणाशी बोलायची, हे आम्हा घरच्यांना कधी नीट कळलंच नव्हतं. तिची पत्रं खुशालीची असायची. आणि एक अवघड गोष्ट मध्ये होती. १९७१ च्या हिवाळ्यात आमची आई गेली तेव्हा ताई आली नव्हती. तार पोचल्याचं तिने कळवलं, त्यापुढे काही नाही. त्यावर घरात भांडण झालं नाही, कुणी तिला बोललं नाही. पण तो विषय मात्र आमच्याकडे कुणी काढत नसे. तीही काढत नसे.

"सातव्या मजल्यावर आता मोठे स्वीट आहेत," अँजेलाबाई म्हणाल्या. "चार-चार खोल्या पाडून एक केलाय. सध्या तिथे पाहुणे आहेत. पण उद्या सकाळी ते निघाले की साफसफाईच्या आधी मी तुम्हाला दाखवीन."

आमची खोली पाचव्या मजल्यावर होती. मजल्यावरची वाट इतकी अंधारी, की खोल्यांचे आकडे वाचायला ताईने पर्समधून छोटा टॉर्च काढला. खोलीत पलंग माझ्या कमरेएवढा उंच, त्यावर मोजून नऊ उशा. आणि न्हाणीघराची भिंत काचेची. पलंगावर बसलेल्या माणसाला आंघोळ करणारा माणूस अख्खा दिसेल अशी.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"नवी लग्न झालेल्यांसाठी," ताई म्हणाली.

मग आम्ही हॉटेलचे दोन्ही पांढरे झगे काचेच्या वरच्या दांडीला अडकवले आणि एकमेकींच्या आंघोळीच्या वेळी दुसरीने खिडकीकडे तोंड करून बसायचं असं ठरवलं. लहानपणी नागपुरात पोपडे उडालेल्या मोरीत एका घंगाळातून आंघोळ केलेल्या आम्ही दोघी, पण म्हातारपणी लाज जास्त.

टेबलावर एक कार्ड होतं. एकटं वाटत असेल तर फोन करा, आम्ही सोबतीला मासा पाठवतो. मला ती थट्टा वाटली. ताईने खरंच फोन लावला. थोड्या वेळात एका बाईंनी काचेच्या गोल भांड्यातून सोनेरी मासा आणून ठेवला. त्याचं नाव हेन्री. त्याला खायला घालायचं नाही, ते काम त्यांचं.

ताई भांड्यापाशी वाकली. "काय करून राहिला बाप्पा?" ती नागपुरी थाटात म्हणाली. इतकी वर्षं अमेरिकेत राहून तिची मराठी १९७० सालात जशीच्या तशी राहिली आहे. आमच्या गल्लीत आता कुणी बोलत नाही असे शब्द ती सहज बोलते.

"मी एकटी असते तर मागवला नसता," ती जरा वेळाने म्हणाली. "घरी कधीकधी टीव्ही लावून ठेवते. आवाज बंद करून. नुसती हालचाल पाहिजे असते."

मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "म्हणूनच म्हणते ताई, चल माझ्याबरोबर. वरचा मजला तुझा. मी दोन गल्ल्या सोडून. रोज येईन."

"उद्या," ती म्हणाली. "भूक लागली."

हॉटेलच्या तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाने मात्र आमची फजिती झाली. मी शाकाहारी म्हटल्यावर वाढपी बराच वेळ विचार करून आत गेला. परातीएवढ्या पांढऱ्या बशीच्या मधोमध बीटचे तीन काप आणि त्यावर बकरीच्या दुधाचं चीज आलं. मग पोलेंटा नावाचा प्रकार. मोठ्या थाटात आलेला तो पदार्थ म्हणजे मक्याची उकडपेंडी होती, फोडणी विसरलेली. ताईने पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली आणि टेबलाखालून माझ्या हातात दिली. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने वास घेऊन इकडे पाहिलं. आम्ही दोघींनी अगदी गंभीर चेहऱ्याने चटणी-पोलेंटा संपवला.

सातवा मजला

सकाळी अँजेलाबाई किल्ली घेऊन आल्या. किल्ली कसली, पत्त्यासारखं कार्ड. लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो. स्वीटचं दार उघडलं तेव्हा आतला पसारा तसाच होता. विसकटलेल्या चादरी, अर्धवट प्यायलेली कॉफी. पण जागा एवढी प्रशस्त, की आमच्या शशीचा अख्खा वरचा मजला त्यात मावला असता.

ताई दारात थांबली. मग भिंतीला हात लावून मोजल्यासारखी चालत गेली. "इथे रेमीची खोली. ही भिंत नव्हती, इथे वाट होती. इथे टेलिफोन. एकच, सगळ्या मजल्याला." चालता चालता ती खिडकीपाशी आली. तिथे एक पांढराशुभ्र, पायांचा बाथटब मांडला होता. न्हाणीघरात नव्हे, सरळ खोलीत, खिडकीसमोर.

"ही माझी खोली," ती म्हणाली. "कॉट इथे होती. टब आहे ना, बरोब्बर तिथे."

अँजेलाबाई म्हणाल्या, "आमचे पाहुणे या टबसाठीच हा स्वीट मागतात."

"मी या मजल्यावर आंघोळीला रांगेत उभी राहायची," ताई म्हणाली आणि टबच्या काठावर बसली. मग खिडकीच्या अगदी कडेला गाल टेकवून तिने बाहेर पाहिलं. "शैला, इकडे ये. अशी मान कर."

मी तिच्या शेजारी गाल टेकवला. समोर नुसत्या इमारती. पण दोन इमारतींच्या फटीतून हाताच्या पंजाएवढा निळा तुकडा दिसत होता. मिशिगन सरोवर.

"अजून दिसतं," ती म्हणाली.

ती तिथून लवकर उठेना. सफाईच्या बाया गाडी घेऊन दारात आल्या आणि अँजेलाबाईंनी त्यांना खुणेने थांबवलं. मला वाटलं ताई काहीतरी सांगणार आहे. पण ती उठली, साडीसारखा आपल्या पँटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला. रेमी चार वाजता येणार आहे. आपल्याला केक आणायचा आहे."

"रेमी कोण?"

"माझी मैत्रीण."

चार वाजताचा चहा

रेमी, म्हणजे रेमेडिओस, फिलिपिन्सची. ताईच्या वेळी ती नर्स होती आणि शेजारच्या खोलीत राहायची. दोघी दर नाताळाला एकमेकींना कार्ड पाठवत आल्या, पण भेटून वीसेक वर्षं झालेली. आता ती शहराच्या उत्तरेला मुलीकडे राहत होती.

मुलीने तिला दारापाशी सोडलं. लहानखुरी बाई, केस पांढरे, हातात चार पायांची काठी. तिने त्या अंधाऱ्या जांभळ्या दिवाणखान्यात चौफेर पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "वासू, यांनी आपल्या होस्टेलचं काय करून ठेवलंय?"

ताई धावली. माझी ताई, जी माधवरावांच्या अंत्यविधीच्या वेळीही ताठ उभी होती असं नीलने सांगितलं होतं, ती या बाईच्या गळ्यात पडली आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. रेमीची काठी माझ्या हातात आली.

रेमीने नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट तांदळाच्या वड्या आणल्या होत्या, केळीच्या पानावर थापलेल्या. वर गुळासारखा पाक. एक तुकडा तोंडात टाकला आणि मला आमच्या नारळीभाताची आठवण झाली. तसं म्हटल्यावर रेमी खूश झाली. इंग्रजी माझं बेतासबात, पण ती सावकाश बोलायची आणि अडलं की ताई सांगायची.

गप्पा आधी हसण्याच्याच झाल्या. होस्टेलची मेट्रन मिस होल्ट रात्री फेरी मारायची, खोलीत शेगडी सापडली की जप्त. ताईची विजेची छोटी शेगडी कपाटात, कोटांच्या मागे. भात शिजत असला की रेमी वाटेत उभी राहून मोठ्याने गायची, म्हणजे झाकणाचा आवाज ऐकू जाऊ नये.

मग रेमी माझ्याकडे वळली. "तू धाकटी ना? आई गेली तेव्हा घरी होतीस ती?"

मी मान हलवली.

"मग तुला मी सांगते. ही तुला सांगणार नाही."

"रेमी, जाऊ दे," ताई म्हणाली.

"का? आपण आता किती दिवसांच्या?" रेमीने कप खाली ठेवला आणि मला सांगू लागली.

तार सकाळी आली. वासूने ती वाचली, कोटाच्या खिशात ठेवली आणि ड्यूटीवर गेली. संध्याकाळी ती जेवायला उतरली नाही तेव्हा रेमीने दार वाजवलं, आणि तेव्हा सगळ्यांना कळलं. सातव्या मजल्यावर आठ-नऊ मुली होत्या. कुणी टायपिस्ट, कुणी दुकानात, कुणी शाळेत शिकवणारी. त्यांनी तिकिटासाठी वर्गणी काढली. कुणी घराकडे पाठवायला राखून ठेवलेले पैसे दिले. वासू बॅग घेऊन विमानतळावर गेली.

"आणि बर्फ," रेमी म्हणाली. "असा बर्फ, की समोरचा दिवा दिसेना. एकही विमान उडालं नाही. ही रात्रभर बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी बॅग घेऊन परत आली. कोटावर बर्फ तसाच. मला म्हणाली, आता गेले तरी कुणाला भेटणार? सगळं होऊन गेलं असेल."

मी ताईकडे पाहिलं. ती केकचा चुरा बोटाने गोळा करत होती.

"तिकिटाचे पैसे परत मिळाले, ते तिने जिचे तिला दिले," रेमी पुढे म्हणाली. "आणि मग एका रविवारी सगळ्यांना खोलीत बोलावलं. म्हणाली, आमच्याकडे तेराव्या दिवशी माणसांना गोड जेवायला घालतात. माझ्याकडे तुम्हीच आहात."

त्या काळी शिकागोत तूरडाळ कुठली मिळणार. ताईने पिवळ्या वाटाण्याची डाळ आणली. लोणी कढवून तूप केलं. नागपूरहून आणलेल्या डबीतला हिंग घातला. दुधात तांदूळ आटवून खीर केली. पानं म्हणून मेणकागद अंथरला. मुली खाली मांडी घालून बसल्या, काहींना घालता येईना. वासू म्हणाली, हाताने खा. सगळ्या हाताने जेवल्या.

"आणि हिंगाचा वास गेला खालपर्यंत," रेमी म्हणाली. "जिन्यावर मिस होल्टचे बूट वाजले. आम्ही थिजलो. शेगडी समोरच होती, लपवायला वेळ नव्हता. दार उघडलं. तिने शेगडी पाहिली, आम्हाला पाहिलं, दाराबाहेर काढलेले आमचे बूट पाहिले. विचारलं, हे काय आहे? वासू उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझी आई वारली. आज तिच्यासाठी जेवण आहे. तुम्ही बसाल?"

रेमी थांबली. तिचे डोळे भरले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग मिस होल्टने बूट काढले," रेमी म्हणाली. "आणि आमच्यात येऊन बसली. चमच्याने खाल्लं तिने. खीर दोनदा घेतली. जाताना वासूच्या डोक्यावर हात ठेवला."

त्याच सुमारास आमच्या घरी तेरावं झालं होतं. बाबांनी पानं मांडताना एक पान जास्त मांडलं आणि मग आपणच उचललं होतं. शशी शाळकरी होता, त्याचं डोकं तासलेलं. तो मला विचारत होता, "ताईला कळलं तरी असेल का गं?" आणि इथे, या इमारतीत, आम्ही सकाळी जिथे गाल टेकवून उभ्या होतो तिथे ताई परक्या मुलुखातल्या मुलींना वरणभात वाढत होती.

मी मराठीत ताईला म्हटलं, "आम्हाला का नाही कळवलंस?"

"काय कळवायचं?" ती म्हणाली. "निघाले होते पण पोचले नाही, हे? त्याने तुमचं काय भलं होणार होतं?"

रेमीला शब्द कळले नाहीत, पण तिने टेबलावरून हात पुढे करून दोघींचे हात धरले. आम्ही तशाच बसलो. काळ्या कपड्यांतल्या वाढप्याने येऊन चहाची किटली बदलली आणि काही न विचारता गेला.

निघताना रेमीने ताईला विचारलं, "फोनवर म्हणाली होतीस की बहीण न्यायला आलीय. जाणार का तू?"

ताई म्हणाली, "तुला आधी सांगितलं तर ही रागावेल."

सरोवर

तिसऱ्या दिवशी आम्ही पायी सरोवराकडे गेलो. तळं म्हणायचं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर आपला नागपूरचा अंबाझरी तलाव होता, इथे समुद्रासारख्या लाटा. पण वास खारा नाही, त्यामुळे मन फसतं. ऊन छान होतं आणि वारा इतका, की ताईने स्कार्फ माझ्या कानांवरून बांधून हनुवटीखाली गाठ मारली, शाळेत जाताना बांधायची तशी. काठावर माणसं पळत होती, कुत्री फिरवत होती. आम्ही एका बाकावर बसलो. हॉटेलातून निघताना घेतलेली सफरचंदं खाल्ली.

"आईचं सांग," ताई म्हणाली.

"काय सांगू?"

"शेवटचं. मी कधी विचारलं नाही."

मला आठवत होतं तेवढं सांगितलं. आईला ताप होता, ग्लानी असायची. खाणं सुटलं होतं. संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या तर चोखायची. आणि जाग आली की एकच विचारायची, "वसूकडे आता किती वाजले?" शशी बोटांवर हिशेब करायचा. इथे दुपार असली की तिथे मध्यरात्र, असं सांगायचा.

"मग?" ताईने विचारलं.

"मग आई म्हणायची, झोपली असेल ती. हळू बोला."

ताईने सफरचंद खाली ठेवलं. तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. लहानपणी झाडावरून पडून तिचा हात मोडला तेव्हाही नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पळणारी एक मुलगी थांबली, "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. मी मान हलवली, तेव्हा ती पुढे गेली.

बऱ्याच वेळाने ताईने नाक पुसलं. "शैला, मी येणार नाही गं."

मला ते कालपासूनच कळलं होतं.

"तुझ्यावर, शशीवर माया नाही असं नाही," ती म्हणाली. "पण तिथे मी पाहुणी होईन. तुम्ही सगळे मला जपाल, आणि मी सारखी सांभाळून वागेन. इथे माझे पेशंट मला ग्रोसरीच्या दुकानात भेटतात. शेजारची मारिया माझ्या घराची किल्ली ठेवते. माधवच्या जाण्यानंतर महिनाभर तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी माझ्याकडे चूल पेटू दिली नाही. रेमी आहे. ही माणसं मी एकेक करून मिळवली आहेत. आता परत पहिल्यापासून नाही जमणार."

"आणि तो टीव्ही?" मी म्हटलं. "आवाज बंद करून लावतेस तो?"

ती म्हणाली, "तो आहेच. तुझ्याकडे काय असतं?"

"रेडिओ," मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. हसताना मला रडू आलं आणि आता तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तिला न्यायचं होतं ते तिच्यासाठी, असं मी महिनाभर मनाशी म्हणत होते. त्या बाकावर मला कळलं की मला ती माझ्यासाठी हवी होती, आणि त्यात वाईट काही नव्हतं. तिलाही ते आधीच कळलेलं असावं, कारण ती म्हणाली, "मी येणार नाही. पण तूही इतक्यात जाऊ नकोस."

परत

नीलने माझं तिकीट पुढे ढकललं. दिवाळी मी शुगर लँडला केली. मारियाला करंज्या शिकवल्या. मंडळाच्या कार्यक्रमात पन्नास माणसांच्या पुऱ्या लाटल्या. गाडीत ताईच्या शेजारी बसून मी ह्यूस्टनचे इतके रस्ते पाहिले, की वळण आलं की आधीच सांगू लागले. रोज संध्याकाळी आम्ही बोलायचो, आणि एकमेकींची मधली राहून गेलेली वर्षं हळूहळू भरून काढायचो. तिच्या लग्नाचं, माझ्या यजमानांच्या आजारपणाचं, बाबांच्या म्हातारपणाचं. काही संध्याकाळी बोलायला काही नसायचं, तेव्हा ती वाचायची आणि मी शेजारी पडून असायची. टीव्ही बंद असायचा.

विमानतळावर मी आत जाईपर्यंत ती थांबली. सूचना सगळ्या दिल्या, औषधाच्या, पासपोर्टच्या, विमानात पाणी पिण्याच्या. शेवटी म्हणाली, "दर रविवारी फोन करीन. तू काही काम काढू नकोस त्या वेळी."

नागपुरात उतरले तेव्हा शशी एकटाच आला होता, मोठी गाडी घेऊन. मी फोनवर कळवलं होतं सगळं, तरी त्याने माझ्यामागून बाहेर येणाऱ्या माणसांकडे एकदा पाहिलं. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा मुलासारखा झाला.

"ताई नाहीच आली," तो म्हणाला.

"ताई घरी आहे, शशी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, बॅगांची ट्रॉली माझ्या हातातून घेतली, आणि आम्ही गाडीकडे निघालो.